तेलाचा डबा पुढून नको, पाठीमागून वाचूया



जुलै अर्धा सरला. बोटी वर ओढलेल्या आहेत, जाळी दुरुस्तीला काढलीत, निम्म्या बोटींची इंजिनं उघडून ठेवलीत. १ जूनला सुरू झालेली ६१ दिवसांची बंदी ३१ जुलैला संपेल आणि १ ऑगस्टच्या पहाटे ज्याचं इंजिन तयार तो पुढे जाईल. त्याआधी सोसायटीला इंजिन ऑइलची ऑर्डर द्यायची आहे. आणि दरवर्षीसारखा यंदाही तोच वाद उभा राहिला आहे: तेल कुठल्या कंपनीचं घ्यायचं?

गेल्या रविवारच्या बैठकीत काय झालं ते आलेल्यांनी पाहिलंच. एका बाजूला आमची तरुण पोरं. घरात चांगली गाडी आहे, मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतात, गॅरेजवाल्याशी त्यांची दोस्ती. त्यांचं म्हणणं, जग सिंथेटिकवर गेलं, आपण अजून जुन्या डब्यात अडकलोय. दुसऱ्या बाजूला जुने मालक. त्यांचं म्हणणं, तीस वर्षं एकच डबा ओतला, इंजिनाने कधी दगा दिला नाही, आता बदलणार नाही. शेवटी दोन चुलतभाऊ, ज्यांच्या बोटी शेजारी शेजारी लागतात, ते एकमेकांशी न बोलता घरी गेले. काही जणांनी तर सांगूनच टाकलं, सोसायटीने आमची कंपनी आणली नाही तर आम्ही म्हापशाहून आमचं आमचं तेल आणू.

तेलाच्या डब्यावरून सोसायटी फुटायची वेळ येत असेल तर आम्ही गप्प बसणं बरोबर नाही. म्हणून कमिटीचं मत आज इथे स्पष्ट लिहितो. कोणाला राग आला तर समोर येऊन भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

आमचं मत एका वाक्यात असं: सोसायटीने कंपनी निवडू नये, इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड आणि दर्जा निवडावा, आणि तो दर्जा जी कंपनी योग्य भावात देईल तिचं तेल घ्यावं. आता कारणं सांगतो.

हे कंपनीचं प्रेम येतं कुठून?

गाडीवाल्यांची तेलावरची निष्ठा बघितली की आम्हाला नवल वाटतं. टायर बदलतील, बॅटरी बदलतील, विमा कंपनी बदलतील, पण तेलाची कंपनी बदलायची म्हटलं की जणू घराणं बदलायला सांगितलं. याला कारण आहे. टायर झिजलेला डोळ्याला दिसतो. बॅटरी बसली की सकाळी कळतं. तेल इंजिनाच्या पोटात काय करतं ते कोणालाच दिसत नाही. जे दिसत नाही तिथे माणूस विश्वासावर चालतो.

मग जाहिरातवाले बरोबर तिथेच येतात. फेरारीच्या रेसिंग गाडीवर शेलचं नाव, मर्सिडीजच्या गाडीवर पेट्रोनासचं. पोरगा म्हणतो, तिथे चालतं ते आपल्याला चालणार नाही काय? पण बाबा, रेसच्या इंजिनाचं तेल वेगळं बनतं, ते इंजिन थोड्या शर्यतींपुरतं असतं. आपलं इंजिन वर्षानुवर्षं चालायला पाहिजे.

दुसरी गोष्ट अनुभवाची. "मी हेच तेल घातलं आणि इंजिन टिकलं." हे खरं आहे, खोटं कोणी म्हणत नाही. पण दुसरं चांगलं तेल घातलं असतं तर टिकलं नसतं, हे त्यातून कसं कळणार? नाळीला लिंबू-मिरची बांधून गेलो आणि बांगडा भरपूर मिळाला तर श्रेय लिंबाला, नाही मिळाला तर दोष वाऱ्याला. तेलाचंही असंच झालंय. इंजिन चाललं तर कंपनी चांगली, बिघडलं तर मेकॅनिक वाईट.

न्यूयॉर्कच्या टॅक्सींनी काय दाखवलं

हा वाद फक्त आपल्या जेटीवरचा नाही. अमेरिकेत गाडीवाले यावर वर्षानुवर्षं भांडतायत. तिथे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचं ग्राहकांचं मासिक आहे, ते कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही. त्यांनी १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी घेतल्या. प्रत्येकीत नव्याने बांधलेलं इंजिन बसवलं, वेगवेगळ्या कंपन्यांची तेलं घातली आणि ६०,००० मैल, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटर पळवल्या. मग इंजिनं उघडून आतले भाग मोजले, किती झिजले ते बघितलं. १९९६ च्या जुलै अंकात निकाल छापला: दर्जाची खूण असलेल्या तेलांत कंपनीप्रमाणे झिजेत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. महाग तेलवाली टॅक्सी आणि स्वस्त तेलवाली टॅक्सी, दोन्हींची इंजिनं सारखीच निघाली.

आता कोणी म्हणेल, ती टॅक्सी, आपली बोट. बरोबर आहे. त्या मासिकानेही कबूल केलं होतं की टॅक्सीचं इंजिन दिवसभर गरम असतं, थंड पडून पुन्हा सुरू होण्याची वेळ कमी, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतल्या गाडीला हा निकाल जसाच्या तसा लावू नका. पण मंडळी, विचार करा. दिवसभर गरम राहून न थांबता चालणारं इंजिन कोणाचं? आपलंच. म्हणजे घरच्या गाडीपेक्षा ती टॅक्सी आपल्या बोटीच्या जास्त जवळची.

त्याच परीक्षेत तेलात मिसळायची औषधंही तपासली होती, 'घाला आणि इंजिनाचं आयुष्य वाढवा' म्हणतात ती. त्यांचाही फायदा दिसला नाही. पुढे १९९७ साली 'स्लिक ५०' नावाच्या अशाच औषधाच्या जाहिरातींवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने लावलेल्या आरोपांवर कंपनीला तडजोड करावी लागली. आपल्या जेटीवर बंदीच्या दिवसांत बाटल्या घेऊन येणाऱ्यांनी हे वाचावं. आणि आपण तर नक्कीच वाचावं.

'सिंथेटिक' म्हणजे नेमकं काय?

पोरं म्हणतात सिंथेटिक, म्हणून आम्ही जरा समजून घेतलं. इंजिन ऑइलमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग मूळ तेलाचा असतो, बाकीचं औषध: काजळी धरून ठेवणारं, आम्ल मारणारं, झीज कमी करणारं. मूळ तेलाचे एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने पाच गट केलेत. पहिला, दुसरा आणि तिसरा गट जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलापासूनच बनतो, फक्त शुद्धीकरण वाढत जातं. चौथा गट कारखान्यात वायूपासून रसायन जोडून बनवलेला, त्याला पीएओ म्हणतात. उरलेलं सगळं पाचव्यात.

पूर्वी सिंथेटिक म्हटलं की लोक चौथा किंवा पाचवा गट समजत. मोबिल-१ अमेरिकेत १९७४ साली आलं ते याच नावावर. पुढे कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक तेलात तिसऱ्या गटाचं मूळ तेल वापरलं आणि डब्यावर सिंथेटिक शब्द ठेवला. मोबिलने हरकत घेतली. प्रकरण तिथल्या जाहिरातींची तपासणी करणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे गेलं. १९९९ साली त्यांनी कॅस्ट्रॉलच्या बाजूने मत दिलं: इतकी प्रक्रिया केलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणायला आधार आहे. तेव्हापासून तिसऱ्या गटाच्या तेलावरही हा शब्द सर्रास दिसू लागला.

यात कोणी फसवलं असं आम्ही म्हणत नाही. तिसऱ्या गटाचं तेलही उत्तम असतं. मुद्दा एवढाच की 'सिंथेटिक' हा शब्द डब्यात काय आहे ते नेमकं सांगत नाही. ज्या शब्दाच्या अर्थावरून दोन बड्या कंपन्या भांडल्या, त्या शब्दावरून आपण दोघे चुलतभाऊ का भांडायचं?

गाडी ती गाडी, बोट ती बोट

सिंथेटिकचे खरे फायदे आहेत, ते नाकारणार नाही. एक, कडक थंडीत ते पातळ राहतं. दोन, खूप उष्णतेत लवकर करपत नाही, उडून कमी जातं. तीन, जास्त दिवस टिकतं. आजच्या नव्या गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. तिथे तेच घाला, पैसे वाचवू नका.

पण बोटीचा हिशेब करू.

थंडीचा मुद्दा घ्या. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २० अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशाला. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे शापोऱ्याच्या तोंडावर कानटोपी लागते, पण तिथे बर्फ पडत नाही. जो गुण आपल्याला कधी लागणारच नाही, त्याचे पैसे कशाला?

आता टिकण्याचा मुद्दा. गाडीवाला सांगतो, माझं तेल १०,००० किलोमीटर चालतं. गाडी तासाला सरासरी ४० किलोमीटरने गेली असं धरा, तर १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. घरच्या गाडीला हे २५० तास भरायला वर्ष लागतं. रोज दहा तास चालणारी बोट ते २५ दिवसांत भरते. दहा दिवसांच्या फेरीला जाणारा ट्रॉलर दिवसाला वीस तास इंजिन चालवत असेल तर एका फेरीत २०० तास. म्हणजे गाडीचं वर्ष ते आपली एक फेरी. किलोमीटरची भाषा पाण्यावर चालत नाही, इथे तास मोजावे लागतात. आणि "सिंथेटिक आहे, अजून एक फेरी काढ" असं दुकानदाराच्या तोंडावर विसंबून करू नका. तास वाढवायचे असतील तर इंजिन कंपनीने लेखी सांगितलं पाहिजे किंवा लॅबमध्ये तेल तपासून घेतलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एपीआयच्या दर्जात इंग्रजी एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, सी ने सुरू होणारी डिझेलची. गाडीचा भारीतला भारी एस-पी दर्जाचा पातळ डबा, डब्यावर डिझेलचा दर्जा नसेल तर, आपल्या डिझेल इंजिनाला चालणार नाही. डिझेलची काजळी धरून ठेवायला वेगळी औषधं लागतात. मागे एकाने मुलाच्या गाडीचं उरलेलं महाग तेल बोटीत टॉपअपला ओतलं आणि वर सांगत होता की आज बोटीला मेजवानी दिली. मेजवानी नव्हे, अपचन.

आणि चौथं, खारं पाणी. गाडीच्या इंजिनाशेजारी समुद्र नसतो. आपल्या कूलरची नळी गळली की खारं पाणी तेलात. मग डबा पाचशेचा असो की हजाराचा, तेलाचा चहा होतो. दोन हंगामांपूर्वी आपल्या एका सभासदाचं इंजिन भर समुद्रात जाम झालं, दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. सगळी जेटी म्हणत होती, कंपनी बदलली म्हणून झालं. इंजिन उघडलं तर कूलर सडलेला. दोन आठवडे तेल दुधासारखं झालेलं खलाशाने पाहिलं होतं, पण सांगायचं कोणाला, म्हणून गप्प राहिला. त्या घराचा अर्धा हंगाम गेला, घरातलं सोनं गहाण पडलं. आणि आपण काय केलं? डब्याच्या रंगावर चर्चा.

आमचीही चूक सांगतो

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःची चूक कबूल केलेली बरी. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने सोसायटीला स्कीम दिली: इतके बॅरल घ्या, सगळ्या सभासदांना रेनकोट मोफत, ऑफिसला घड्याळ. आम्ही खुशीने घेतलं. रेनकोट वाटताना फोटोही काढले. कमिटीतल्या एकानेही बॅरलच्या पाठीमागचा दर्जा वाचला नाही. हंगाम अर्धा झाल्यावर एका मेकॅनिकने दाखवलं, त्यावर सीएफ-४ लिहिलेलं. तो दर्जा १९९० सालचा, एपीआयने कधीच बंद केलेला. आपल्या नव्या इंजिनांना सीआय-४ लागतो, जो २००२ मध्ये आला. इंजिन फुटलं नाही हे नशीब. रेनकोट पहिल्या पावसाळ्यात फाटले, घड्याळ ऑफिसात अजून आहे आणि ते बघितलं की आम्हाला आमचीच लाज वाटते.

म्हणून आता कोणाच्या भेटवस्तूवर तेल ठरणार नाही. आणि कोणाच्या पोराच्या व्हिडिओवरही नाही.

मग बघायचं काय?

डबा उलटा करा. पुढची वाघ-सिंहाची, रेसच्या गाडीची चित्रं सोडून द्या. पाठीमागे तीन गोष्टी शोधा.

पहिली, ग्रेड: १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० किंवा पुस्तकात असेल ते.

दुसरी, दर्जा: सीएच-४, सीआय-४, सीके-४. यात पुढचं अक्षर म्हणजे नंतरचा दर्जा. सीके-४ डिसेंबर २०१६ पासून आला. एपीआयच्या नियमाप्रमाणे सीआय-४ मागणाऱ्या इंजिनाला सीके-४ चालतं. पण एफए-४ नावाचा एक पातळ प्रकार आहे, तो जुन्या इंजिनात ओतू नका.

तिसरी, बॅच नंबर, तारीख आणि शाबूत सील.

होडीवाल्यांसाठी वेगळं. टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं तेल लागतं, बाईकचं टू-टी नाही. बाईकच्या तेलात राख होणारी औषधं असतात, आउटबोर्डमध्ये ती साचतात. फोर-स्ट्रोक आउटबोर्डला एफसी-डब्ल्यू, त्यात गंजापासून जास्त संरक्षण असतं. आणि गिअरबॉक्सचं तेल गिअरबॉक्सच्या पुस्तकातून, अंदाजाने नाही.

तेल घातल्यावरही काम संपत नाही. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. तेल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तेल काळं होणारच, ते काजळी धरतं म्हणजे आपलं काम करतं. पण तेलाची पातळी स्वतःहून वर चढली तर सावध व्हा. डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा डिझेल पंप गळतोय, दुधासारखं झालं तर पाणी. संशय आला तर किनाऱ्यावर एका जुन्या तव्यावर एक थेंब टाका. तवा गरम असेल आणि थेंब तडतडला तर पाणी आहे. तोंड लांब ठेवा आणि घरचा भाकरीचा तवा घेऊ नका, नाहीतर आमच्या नावाने शिव्या येतील.

"महाग तेल म्हणजे विमा" असं म्हणणाऱ्यांना

हा एक मुद्दा प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. इंजिन लाखोंचं, तेलात कंजुषी कशाला? बरोबर. पण हिशेब मांडू. इंजिनात १५ लिटर तेल बसतं असं धरा. महिन्याला एकदा बदललं तर ऑगस्ट ते मे दहा वेळा, म्हणजे १५० लिटर. लिटरमागे ३०० रुपये जास्त दिले तर हंगामाला ४५,००० रुपये. तेवढ्या पैशांतून कूलर उघडून साफ करा, इंजेक्टर तपासा, पाण्याच्या पंपाचा इंपेलर बदला, दर वेळी नवा चांगला फिल्टर घाला आणि दोनदा तेल लॅबमध्ये पाठवा. आम्हाला विचाराल तर खरा विमा हा.

आणि जुन्या मालकांना हात जोडून सांगतो, तुमचा तीस वर्षांचा अनुभव खोटा नाही. पण इंजिन टिकलं ते डब्याने नव्हे, तुमच्या हाताने. तुम्ही वेळेवर तेल बदललं, आवाजावरून बिघाड ओळखला, खलाशाला इंजिनपाशी बिडी ओढू दिली नाही. ते पोरांना शिकवा. कंपनीचं नाव शिकवण्यात काही राहिलं नाही. त्याच नावाच्या डब्यातलं तेल तीस वर्षांत कितीदा बदललं असेल, ते तुम्हाला-आम्हाला कोण सांगणार?

पोरांनो, तुम्हालाही. तुम्ही वाचता, शोधता, प्रश्न विचारता, याचा आम्हाला अभिमानच आहे. तुमचं वाचन बोटीच्या इंजिनाकडे वळवा. बापाला पुस्तकातली इंग्रजी अक्षरं वाचून दाखवा. निम्म्या बोटमालकांना ते पुस्तक वाचता येत नाही, आणि लाजेने कोणी बोलत नाही. तुमच्या शिक्षणाचा बोटीला खरा उपयोग इथे आहे.

कमिटी काय करणार आहे

१. ऑर्डर कंपनीच्या नावाने नाही, ग्रेड आणि दर्जाच्या नावाने निघेल. तो दर्जा देणाऱ्या कुठल्याही कंपनीने, सरकारी असो वा खासगी, दर द्यावा. आलेले सगळे दर ऑफिसच्या फळ्यावर लागतील.

२. विक्रेत्याकडून मिळणारं कमिशन आणि भेट, जे काही असेल ते, त्याच फळ्यावर लिहिलं जाईल आणि तेलाच्या दरातून वजा होईल. सेक्रेटरीच्या घरी घड्याळ जाणार नाही.

३. ज्याला आपली कंपनी सोडायची नाही, त्याच्यावर जबरदस्ती नाही. फक्त दर्जा पुस्तकाप्रमाणे असू द्या.

४. प्रत्येक बोटीला एक वही मिळेल. तारीख, इंजिनाचे तास, किती तेल घातलं, कधी बदललं, एवढंच लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने ऑफिसात येऊन सांगावं, आम्ही लिहू.

५. खलाशाने तेलात पाणी दिसलं असं सांगितलं आणि फेरी अर्ध्यावर परतली, तर त्याचा पगार कापू नये. हा नियम कागदावर आणू. समुद्रात बंद पडलेल्या बोटीवर माणसं असतात, विसरू नका.

६. रिकामे डबे फोडून आणि कापून टाका. आख्खा डबा भंगारात गेला की त्यात काय भरून परत येईल सांगता येत नाही.

७. जुनं तेल बोटीच्या तळातून मांडवीत किंवा शापोऱ्यात सोडू नका. ऑफिसच्या मागे ड्रम ठेवलाय, त्यात आणून ओता, नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्याला ते दिलं जाईल. ज्या पाण्यावर चूल पेटते त्यात काळं तेल ओतायचं आणि मग मासळी कमी झाली म्हणून रडायचं, हे बरं नव्हे.

सगळ्यांना एक विनंती. येत्या रविवारपर्यंत आपापल्या इंजिनाच्या पुस्तकातल्या तेलाच्या पानाचा फोटो ऑफिसला पाठवा. पुस्तक हरवलं असेल तर इंजिनाच्या पट्टीवरचा मॉडेल आणि नंबर पाठवा, आम्ही मागवून घेऊ. त्यावरूनच यादी बनेल. रविवारी संध्याकाळी चार वाजता बैठक आहे. त्या दोघा चुलतभावांनी एकत्र यावं, एका स्कूटरवर आले तर चहा आमच्याकडून.

१ ऑगस्टला समुद्र कोणाच्या डब्यावर कुठलं नाव आहे ते विचारणार नाही. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं का, आणि रात्री घरी परत आणतं का, एवढंच विचारेल. चवथीला सगळ्यांच्या घरी माणसं परत आलेली असू देत आणि पैसेही आलेले असू देत.

आपली,
व्यवस्थापन कमिटी आणि सेक्रेटरी